बाबांनी पास केलेली जीप

दारेसलामहून निघालेलं विमान दुबईला उतरलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पासपोर्टवर शिक्का मारून, बॅग घेऊन बाहेर आले, तर कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसांच्या अगदी पहिल्या रांगेत बाबा दिसले. कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट, तेल लावून मागे वळवलेले केस, आणि कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, जणू कोणी त्यांची जागा घेईल. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. नुसते बघत राहिले.

लांज्याच्या स्टँडवर बाबांची वाट बघणं हा माझ्या लहानपणचा सण होता. दर दोन वर्षांनी ते यायचे, दोरीने बांधलेले खोके घेऊन, आणि महिन्याभराने जायचे. मी त्यांच्यासोबत सलग सगळ्यात जास्त राहिले ते सदतीस दिवस. त्या वर्षी त्यांचं तिकीट काहीतरी घोटाळा होऊन रद्द झालं होतं, आणि मी देवाला नारळ फोडला होता. सत्तावीस वर्षं ते येत राहिले आणि आम्ही थांबत राहिलो. आज पहिल्यांदाच ते थांबले होते आणि मी येत होते.

"दमलीस?"

"नाही."

"जेवलीस?"

"विमानात दिलं काहीतरी."

"ते काय जेवण!" म्हणत त्यांनी माझी बॅग उचलली, आणि बॅगेचं चाक डगमगतंय हे दोन पावलांतच त्यांच्या लक्षात आलं. तिथेच खाली बसून त्यांनी ते बघितलं. "पिन सैल झालीय. संध्याकाळी करून टाकू." आमची भेट अशी झाली.

मी जनावरांची डॉक्टर आहे. टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात एका दूध संघाकडे तीन वर्षं काम करते. गोठे लांबलांब, रस्ते मातीचे, आणि मी मोटारसायकलवर. गेल्या पावसात एका गाईपर्यंत पोचायला मला साडेतीन तास लागले. वासरू आडवं आलं होतं. मी पोचले तेव्हा दोघंही गेली होती, आणि ती ज्यांची होती त्या आजीबाईंनी मला चहा करून दिला. त्यानंतर मी संघाच्या सभेत उभी राहिले. अर्धे पैसे संघाने काढले, अर्धे मी, आणि ठरलं की पावसाआधी जीप घ्यायची.

टांझानियात आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या जपानच्या जुन्या गाड्या तिथे चालतात. त्यातल्या पुष्कळशा शारजा-दुबईच्या बाजारातून येतात. आणि शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझे बाबा गाड्यांचे पाटे, बुश आणि चासी, म्हणजे खालचा सगळा सांगाडा, दुरुस्त करतात. मग दुसरीकडे जायचं कारणच नव्हतं. फोनवर मी त्यांना म्हटलं, "बाबा, चार दिवस सुट्टी मिळेल?" ते म्हणाले, "आठ घेतो." सत्तावीस वर्षांत गावी येण्याशिवाय त्यांनी सुट्टी घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

विमानतळावरून आम्ही थेट शारजातल्या रोल्ला बाजारात गेलो. मोबाइलची दुकानं, सोन्याची दुकानं, मनी एक्सचेंजसमोरच्या रांगा, आणि कानावर मल्याळी, उर्दू, बंगाली. एका केरळी खानावळीत बाबांना बघताच वाढप्याने न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बाबांनी भात, कालवण आणि तळलेल्या तारल्या मागवल्या. तारल्या आल्या तशी त्यांनी थाळी स्वतःकडे ओढली आणि एकेक तारली सोलून, काटा काढून, मांस माझ्या पानात ठेवायला लागले.

"बाबा, मला येतात काटे काढता."

"घशात अडकला होता तुझ्या. कोरडा भात गिळायला लावला होता आईने."

तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांना मी अशी तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक होते. सातची, नऊची, अकराची. मधली वर्षं कोणी सांगितली होती त्यांना? मी त्यांनी सोललेल्या तारल्या मुकाट्याने खाल्ल्या. छान होत्या.

माझी राहायची सोय त्यांनी अल नहदामध्ये सावंतांकडे केली होती. सावंत आमच्या शेजारच्या गावचे, दुबईत एका ऑफिसात अकाउंट्स बघतात. सोळाव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, गॅलरीतून दिसणारा गाड्यांचा न संपणारा ओघ. सावंतवहिनींनी दारातच माझा हात धरला. "तुझे बाबा महिन्यापासून सांगतायत, माझी डॉक्टर येणारे, माझी डॉक्टर येणारे. मला वाटलं हार्टची डॉक्टर!" त्यांची दहा वर्षांची इरा मला नीट न्याहाळून म्हणाली, "आय ऑल्सो वॉन्ट टु बी अ व्हेट. बट ओन्ली फॉर कॅट्स." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

बाबा आत आले नाहीत. बूट काढावे लागतील म्हणून असेल, किंवा इतक्या स्वच्छ घरात कसं बसायचं म्हणून. दारातूनच म्हणाले, "सकाळी सातला खाली ये. ऊन चढायच्या आत सुरू करू."

जुन्या गाड्यांचं यार्ड म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय कळायचं नाही. शहराबाहेर, रेतीवर, तारेच्या कुंपणाआड शेकडो गाड्या ओळीने उभ्या. सगळ्यांवर धुळीचा एकसारखा थर. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या ह्या गाड्यांना इथल्या रस्त्यावर यायला परवानगीच नाही. त्या जहाजाने येतात, यार्डात उभ्या राहतात आणि जहाजाने जातात. विकत घेणाऱ्यानेही त्या यार्डाच्या आतच पुढेमागे चालवून बघायच्या.

गिऱ्हाइकं सगळी आफ्रिकेतली. एका जीपपाशी केनियाचे दोघेजण आपसात स्वाहिलीत बोलत होते, हिचा गिअरबॉक्स आवाज करतोय म्हणून. मी सहज त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी हसून उत्तर दिलं, आणि पाच-दहा मिनिटं आमच्या गप्पा झाल्या. वळून बघते तो बाबा हातातली हातोडी विसरून माझ्याकडे बघत होते.

"कधी शिकलीस गो हे?"

"तिथेच. गाईवाल्यांकडून."

"हां," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "हां."

बाबांची पद्धत अशी होती. आधी गाडीभोवती एक फेरी, हात पाठीमागे. मग पुठ्ठा अंथरून गाडीखाली. आतून फक्त त्यांचे बूट दिसायचे आणि छोट्या हातोडीचा आवाज यायचा. टण, टण, टण. चासी शाबूत असेल तर आवाज घंटेसारखा येतो. मध्येच एखादा आवाज बोदा आला की बूट हलायचे, बाबा बाहेर यायचे आणि कपडे झटकत म्हणायचे, "खलास."

पहिल्या दिवशी त्यांनी चार गाड्या नापास केल्या. जपानच्या उत्तरेला रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात, ते मीठ गाडीला खालून खात जातं, हे मला तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी मला एक पांढरी जीप फार आवडली. आतून बाहेरून झगझगीत, सीटवर अजून प्लॅस्टिक. विकणारा तरुण मला "मॅडम, मॅडम" करत होता. बाबांनी पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला, बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर बारीक, मऊ, वाळलेला गाळ होता.

"पुरातली हाय."

"धुतली असेल ना पण."

"वायरिंग कसं धुणार? आज चालेल. तुझ्या त्या डोंगरात, पावसात, मध्येच बंद पडंल."

मला त्यांचं पटत होतं आणि तरी राग येत होता. सहा गाड्या झाल्या होत्या. माझ्या हातात मोजके दिवस होते.

तिसरा दिवस शुक्रवारचा. यार्ड सकाळी बंद. बाबांना खोलीवरून एक जॅक घ्यायचा होता. "तू खाली थांब," ते म्हणाले. मी थांबले नाही, त्यांच्यामागून जिना चढले. खोलीतली बाकीची माणसं कुठे कुठे गेली होती, फक्त खेडचे कदमकाका पालक निवडत बसले होते. मला बघून ते इतके गडबडले की पालकासकट उभे राहिले.

सहा माणसांची खोली. तीन दुमजली खाटा, प्रत्येकीला पडदा. बाबांची खाट वरची होती. लोखंडी शिडी चढून जायची.

"बाबा, तुम्ही एकोणसाठ वर्षांचे आहात. वर कशाला झोपता?"

"कदमचा गुडघा दुखतो," त्यांनी इतकंच सांगितलं.

"मी म्हटलं होतं त्याला, दादा, अदलाबदली नको," कदमकाका म्हणाले. "ऐकतो कुठे!"

अशाच कुठल्यातरी खाटेवरून, पोटावर आडवं पडून, बाबांनी आम्हाला सत्तावीस वर्षं फोन केले होते. "इथं सगळं बेस हाय" म्हणून. मी भिंतीकडे बघत राहिले. बाबांना ते नको झालं असावं. ते म्हणाले, "माझं काय बघतेस, तुझं दाखव. तुझा तो रस्ता कसा हाय? मी कधी बघितलाच नाय."

मी फोन काढला आणि संघातल्या एकाने काढलेला व्हिडिओ लावला. गेल्या पावसातला. मोटारसायकल चिखलात आडवी पडलेली, मी औषधांची पेटी डोक्यावर धरून कमरेएवढ्या ओढ्यातून जातेय, आणि काढणारा मागून हसतोय. मला तो व्हिडिओ गमतीचा वाटायचा. बाबांनी तो एकदा पाहिला. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी आवाज बंद केला.

"मला वाटलं दवाखाना असंल. टेबलखुर्ची असंल."

"ती पण आहे."

"बाय, गाडी नको घेऊस." त्यांनी फोन परत दिला. "घरी चल. माझा व्हिसा आता सहा महिने, मग मी पण कायमचा येतोय. लांज्यात दवाखाना काढ. मी बांधून देतो. सगळ्यांनी एकदा तरी एका घरात राहूया की."

कदमकाका पालक घेऊन हळूच स्वयंपाकघरात गेले.

हेच वाक्य ऐकण्यासाठी मी सबंध लहानपण थांबले होते. आणि ते आलं तेव्हा मला ओढ्यापलीकडच्या गोठ्यांत जायचं होतं.

"बाबा," मी विचारलं, "तुम्ही निघायचात तेव्हा आई कधी म्हणाली नाही, जाऊ नका?"

त्यांनी खाटेचा पडदा सारखा केला.

"म्हणायची ना. दर वेळी म्हणायची. बॅगेवर बसून राहायची."

"मग?"

"मग काय. जायचो."

त्यांनी मला टॅक्सीत बसवलं, जॅक न घेताच. सावंतवहिनींनी माझा चेहरा बघून काही विचारलं नाही, फक्त पुरणपोळी वाढली आणि वर तूप जरा जास्तच घातलं.

सकाळी सहाला फोन. "खाली ये. आंतरराष्ट्रीय लायसन्स घेऊन ये."

खाली गॅरेजच्या मालकाचा पिकअप उभा होता. बाबा शेजारच्या सीटवर बसले होते. चालवायची जागा रिकामी होती. "म्लेहाला चल," ते म्हणाले. "मला बघायचंय तू चालवतेस कशी."

शहर मागे पडलं, मग वखारी, मग बाभळीसारख्या झाडांची एक विरळ ओळ, आणि मग एकदम तांबडं वाळवंट. म्लेहाची रेती कोकणातल्या जांभ्या मातीच्या रंगाची आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागे काळ्या खडकाचा एक उंच सुळका, पायथ्याशी वाऱ्याने पाडलेल्या बारीक लाटा. बाबाही पहिल्यांदाच बघत होते. "इतक्या वर्षांत इकडं यायला कारणच पडलं नाय," ते म्हणाले.

रस्ता सोडून आम्ही रेतीत उतरलो. पहिल्या दोन टेकड्या बऱ्या गेल्या. तिसरीवर मी घाईने गिअर बदलला, गाडीचा जोर गेला, आणि मागची चाकं अर्धी आत गेली. मी बाबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. हात मांडीखाली.

मी उतरले. चिखल आणि रेती वेगळी, पण गाडी रुतते सारखीच. काडीने दाबून चारही चाकांतली हवा कमी केली. गुडघ्यांवर बसून हातांनी चाकांपुढची रेती उपसायला लागले. रेती तापायला लागली होती. दोनदा प्रयत्न केला, दोनदा गाडी आणखी खाली गेली. मागून बाबांचं दार उघडल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पलीकडच्या टेकडीवरून एक जुनी गाडी खाली आली. पांढरा कंदुरा (इथले पुरुष घालतात तो पायघोळ झगा) घातलेला एक म्हातारा अरब उतरला. "मुश्किला?" (काही अडचण?) त्याने विचारलं.

"माफी मुश्किला," बाबा म्हणाले, म्हणजे काही नाही. मग माझ्याकडे बोट करून, "हादी बिन्ती." (ही माझी मुलगी.) आणि बाह्या सरसावत ते माझ्याकडे यायला निघाले.

म्हाताऱ्याने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "खल्लीहा," तो म्हणाला. (करू दे तिला.)

बाबा थांबले. ते दोघे म्हाताऱ्याच्या गाडीच्या सावलीत उभे राहिले, माझ्यापासून दहा पावलांवर, आणि मी घामाने भिजून रेती उपसत होते. मी मागच्या दोन्ही चाकांमागे उतार केला, खालचा गिअर टाकला, गाडी हळूहळू मागे घेतली, थांबले, पुढे घेतली, पुन्हा मागे. चौथ्या खेपेला चाकांनी रेती धरली. गाडी एकदम मोकळी होऊन मागे टणक जमिनीवर आली.

म्हाताऱ्याने टाळी वाजवली. त्याच्या गाडीतून त्याने खजुरांचा डबा आणि थर्मास काढला, आणि आम्ही तिघांनी उभ्या उभ्या वेलचीचा वास येणारी कडू कॉफी प्यायली. तो बाबांशी अरबीत काहीतरी बोलला. बाबा हसले.

"काय म्हणाला?" मी नंतर विचारलं.

"म्हणाला, त्याची लेक विमान चालवते. तो तिच्या विमानात बसत नाय. भीती वाटते." मग खजुराची बी खिडकीबाहेर टाकत बाबा म्हणाले, "तुझी हाताची बोटं बघू." मी दाखवली. सोलवटली होती. त्यांनी नुसती बघितली आणि सोडली. "यल्ला, चल. आता गाडी बघूया."

ती गाडी हाजीसाहेबांच्या यार्डात मिळाली. हाजीसाहेब पेशावरकडचे, सत्तरीचे, बाबांना "उस्ताद" म्हणणारे. गाडी चौदा वर्षांची, गडद हिरवी, एका बाजूला लांबलचक ओरखडा, सीटचं कापड विटलेलं. माझ्या मनात ती मुळीच भरली नाही. बाबा पुठ्ठा घेऊन खाली गेले. टण, टण, टण. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा उलट. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा एखादं बाळ बघून आल्यासारखा होता.

"ह्या गाडीने बर्फ बघितलेलं नाय," ते म्हणाले.

मी ती यार्डाच्या आत, दोन ओळींमधल्या पन्नास पावलांच्या पट्टीत, बारा वेळा पुढेमागे चालवली. क्लच जरा जड होता. बाकी सगळं जिथल्या तिथे.

हाजीसाहेबांनी अडतीस हजार दिरहॅम सांगितले. "म्हणजे नऊ लाख," बाबा मोठ्याने म्हणाले, अगदी कोणीतरी मेल्याची बातमी द्यावी तसे. चहा आला. मग दुसरा आला. मी गाड्यांवरची धूळ बघत बसले.

"उस्ताद, बेटी क्या करती है वहाँ?" हाजीसाहेबांनी विचारलं.

बाबांना वाटलं असतं तर ते "डाक्टर है" एवढंच म्हणाले असते. दोन दिवस सगळीकडे तेच म्हणत होते. त्या दिवशी ते म्हणाले, "नदी में उतरके गाय का बच्चा निकालती है." आणि माझ्याकडे वळून, "तो व्हिडिओ दाखव त्यांना."

हाजीसाहेबांनी व्हिडिओ पाहिला, दाढीवरून हात फिरवला. "चौंतीस," ते म्हणाले. "और नए होजपाइप मेरी तरफ से."

पुढचे तीन दिवस मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस म्हणून सांगेन. गाडी बाहेर न्यायची सोय नव्हती, म्हणून हाजीसाहेबांच्या यार्डात पत्र्याच्या शेडखालीच बाबांनी कामाला हात घातला. बुश, बेल्ट, ब्रेकचे लायनर, नवे पाटे. पण हात माझे. ते शेजारी उताणे पडून सांगायचे. "डावीकडून. जोर नको, वजन दे. हां." गाडीखालच्या त्या दोन फूट उंचीच्या जागेत आम्ही दोघं शेजारी शेजारी, तोंडावर माती पडत असताना, इतकं बोललो जितकं कधीच बोललो नव्हतो. त्यांनी विचारलं, बारावीला तुला कमी मार्क पडले तेव्हा तू दोन दिवस कुठे गेली होतीस? मी सांगितलं, मावशीकडे, गोठ्यात झोपून राहिले होते. त्यांनी सांगितलं, आजीच्या बाराव्याला सुट्टी मिळाली नाही तेव्हा त्यांनी दिवसभरात एकही गाडी नीट जोडली नाही, आणि मालकाने काही न बोलता ती सगळी पुन्हा जोडून घेतली. वर बघत बोलणं सोपं जातं. तोंडाकडे बघावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "बाबा, मी आणखी दोन वर्षं तिथे राहणार आहे."

"ते मला रेतीतच कळलं," ते म्हणाले. "तेरा नंबरचा पाना दे."

तपासणी झाली, कागद झाले. एका सकाळी ट्रकच्या पाठीवर बसून गाडी हमरिया फ्री झोनला गेली आणि आम्ही मागून. बंदराजवळच्या एका वखारीत कंटेनर उघडा ठेवला होता. मी गाडी आत चढवली. तिथले कामगार चाकांना पट्टे बांधायला पुढे झाले, तर बाबा म्हणाले, "भाई, एक मिनट." आणि स्वतः आत शिरले. पट्टे ओढून झाल्यावर त्यांनी सोबतच्या पिशवीतून जाड दोरी काढली आणि चारही चाकांना वेगळी बांधली. कामगार घड्याळ बघायला लागले. "चाचा, जहाज डूबेगा तो भी ये नहीं हिलेगी," एकजण म्हणाला. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी एक गाठ मारली.

दार लागलं, सील पडलं. बाबा त्या बंद दाराकडे बघत होते. मी त्यांच्या हातात हात घातला. मोठी झाल्यावर पहिल्यांदाच.

विमानतळावर ते कठड्यापर्यंत आले. "पोचलीस की फोन कर," एवढंच. मी आत जाऊन वळून पाहिलं. ह्या वेळी त्यांनी हात हलवला, डोक्याच्या वर, पुष्कळ वेळ.

टांझानियाला परतले तेव्हा डोंगरांवर ढग जमायला लागले होते. मी मोटारसायकलवरून फेऱ्या मारत होते आणि जहाजाची वाट बघत होते. त्या दिवसांत मला पुष्कळदा वाटायचं, बाबांनी माझं बालपण हरवलं असं मी आजवर समजत होते. त्यांचंही बरंच काही माझ्याकडून राहून गेलं होतं. ते अरबी कसं बोलतात, रेतीवर कसे उभे राहतात, दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी शिडी कशी चढतात. मी गेले होते जीप आणायला. लोक विचारतात, शारजा कसं आहे? मी त्यांना उंच इमारती सांगत नाही. मला गाडीखालून दिसलेला उजेडाचा एक चौकोन तेवढा नीट आठवतो.

पाच आठवड्यांनी दारेसलामच्या बंदरातून फोन आला. कंटेनर उघडला तेव्हा मी तिथे होते. हिरवी जीप धुळीखाली तशीच उभी होती. दोन कामगार आत गेले. पट्टे झटकन सुटले. दोऱ्या सुटेनात. त्यांनी ओढलं, पिळलं, एकाने दात लावले. सुरी मागवली. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन त्यातला थोराड कामगार बाहेर आला, हातात दोरीचा एक तुकडा, गाठ अजून तशीच.

"नानी अमेफुंगा हिवी?" (हे असं कोणी बांधलंय?) त्याने वैतागून विचारलं.

"बाबा," मी म्हणाले.

स्वाहिलीतही वडिलांना बाबाच म्हणतात. त्याचा वैताग गेला. त्याने गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा याको?" (तुझे बाबा?)

"हो," मी मराठीतच म्हणाले. "माझे बाबा."